आरपार जाणारा उजेड

माझी भावजय मुळात भित्री नाही. घरात उंदीर निघाला की माझा धाकटा भाऊ पलंगावर चढतो आणि ती झाडू उचलते. म्हणून तर तारांगणाच्या दारावरची नोकरी मी तिला मिळवून दिली. मी तिकीटखिडकीत, ती दारात. खेळ सुरू झाला की तिने पडदा सारायचा, उशिरा येणाऱ्यांना टॉर्चने जागा दाखवायची आणि मग अंधारात मागच्या भिंतीला टेकून उभं राहायचं.

दोनदा तिचं मूल पोटातच गेलं होतं. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा घरात कोणी मोठ्याने हसलंसुद्धा नाही.

त्याच सुमारास विश्वाच्या जन्माचा नवा खेळ लागला. घुमट पांढराफटक व्हायचा आणि एक भारदस्त आवाज सांगायचा, "त्या आदिकाळातला किरणोत्सर्ग आजही सगळीकडे आहे. या क्षणीसुद्धा तो तुमच्या शरीरातून आरपार जातो आहे." प्रेक्षक खूश. भावजयीला मात्र 'किरणोत्सर्ग' हा शब्द ओळखीचा होता. दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीबाहेर तो लाल अक्षरांत लिहिलेला, आणि खाली: गरोदर स्त्रियांनी आत येऊ नये.

दोन दिवसांत घरातलं मोठं स्टीलचं ताट तेवढं गायब झालं. मी भावावर खेकसले, "छत्री हरवतोस, डबा हरवतोस, आता ताटंही का?" तो बिचारा शपथा घेत राहिला.

मग एका दुपारी, खेळ चालू असताना, आतून खणखणाट ऐकू आला. मी धावले. टॉर्चच्या उजेडात जमिनीवर ताट गरगरत होतं. भावजय गणवेशाच्या कोटाची बटणं मुठीत धरून उभी होती, चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. पोटावर ताट बांधलेला पट्टा सुटला होता.

"अगं बाई, हे काय?"

"वन्सं, ओरडू नका. तो आरपार जातो. बाळाच्यासुद्धा."

खरं तर मला हसू यायला हवं होतं. मी ताट उचलून पदराखाली झाकलं.

खेळ संपल्यावर तिला वर दुर्बीणवाल्या सरांकडे नेलं. खेळ त्यांनीच लिहिलेला. त्यांनी ताट पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "मी आधी 'प्रारण' लिहिलं होतं हो. कोणाला कळेना, म्हणून 'किरणोत्सर्ग' केलं."

मग तिला खुर्ची देऊन त्यांनी नीट सांगितलं. सुरुवातीला सगळं विश्व म्हणजे तापलेलं धुकं. उजेड होता, पण त्याला सरळ जाता येईना, सुट्या इलेक्ट्रॉनांवर आपटत राहायचा. पावणेचार-चार लाख वर्षांनी विश्व जरा निवलं, अणू जुळले, धुकं फिटलं आणि तो उजेड मोकळा सुटला. तेव्हापासून चालतोच आहे. विश्व पसरलं तसा तोही ताणला गेला, इतका की आता डोळ्यांना दिसत नाही.

"एक्स-रेशी त्याचा काही संबंध नाही. बर्फाहून कितीतरी गार झालाय तो. कोणाचं वाकडं करायची ताकद नाही त्याच्यात."

"आणि ही नोकरी सोडली तर?"

"घरीही तोच. तुम्ही तुमच्या आईच्या पोटात होतात तेव्हाही तोच होता."

मी म्हटलं, सुटलो एकदाचे. पण खाली उतरताना भावजय जिन्यातच मटकन बसली.

"वन्सं, म्हणजे आधीची दोन बाळं त्याने नेली नाहीत."

"नाहीच. मग रडतेस कशाला?"

"त्याने नेली असती तर दार सोडून पळाले असते. काहीतरी केलं असतं. आता कशापासून पळू?"

मी तोंडाळ बाई. खिडकीवर भांडायला आलेल्याला दोन वाक्यांत गप्प करते. त्या जिन्यात मी नुसती तिच्या शेजारच्या पायरीवर बसले. दवाखान्याच्या बाकावर तिचा तो चेहरा मी दोनदा पाहिला होता. पुन्हा पाहायची माझी छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. ताट घरी, फडताळात. तिकिटं संपल्यावर खिडकी लावून मी आत तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. घुमट पांढरा झाला. तोच आवाज, तेच वाक्य. तिने माझा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला आणि वरून स्वतःचा हात दाबला. तिची बोटं गारठली होती. खेळ अर्धा टाकून निघालेल्या माणसाला अंधारात दार दाखवताना ती जशी हळू बोलते, तशीच ती वर त्या उजेडाकडे बघून म्हणाली,

"जायचं तर जा बाबा. पण एकटाच जा."