दुसऱ्या हातची कणीक

नवऱ्याच्या पिशवीत मला दुसऱ्या बाईच्या हातची कणीक सापडली. कुणाला हसू येईल. मला आलं नाही.

आम्ही रोह्याला राहतो. नवरा आठवडाभर कंपनीत शिफ्ट करतो आणि रविवारी कुंडलिका नदीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जातो. बांबूची काठी, तंगुसाची दोरी, शिशाचा मणी, पाण्यावर उभी राहणारी मोरपिसाची काडी, आणि खाली गरीला कणकेचा गोळा. बाकी सगळं त्याचं, कणीक तेवढी माझी. लग्नापासून अकरा वर्षं मीच ती मळत आले होते, आणि त्याचा मला फार तोरा होता.

तोरा उगाच नव्हता. माझं माहेर पेणचं, बाबांचा गणपतींचा कारखाना. शाडू मळण्यात माझं लहानपण गेलं. माती अशी मळायची की वाळल्यावर मूर्तीला केसाएवढी चीर पडता कामा नये. बाबा माझ्या हातचा गोळा चुलतभावांना दाखवून त्यांना टोमणे मारायचे. तोच हात मी रोह्याला आणला. गव्हाची कणीक, भाजलेला कोंडा, शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर हिंग. तळहाताला तेल लावून अर्धा तास मळायची आणि सुपारीएवढे गोळे करायचे, गुळगुळीत. नवरा एखादा दाबून बघायचा. म्हणायचा, "गरीवरून सुटायचं नाव घेत नाय. तुझ्या हाताला तोड नाय गो."

मासे मात्र बेताचेच यायचे. कधी दोन तिलापिया, कधी नुसती ओली पिशवी. "आज पाण्याला ओढ होती," तो म्हणायचा. वरून वीजघराचं पाणी सुटलं की नदीला ओढ येते, हे खरंच आहे. मी कशाला शंका घेऊ?

मागच्या भाऊबीजेला माझे भाऊ आले. जेवताना विषय निघाला आणि मी हसत हसत म्हणाले, "यांच्या पिशवीतून दर रविवारी पाणीच येतं घरी." भाऊ पोट धरून हसले. नवराही हसला, जरा उशिरा.

त्यानंतर पिशवी भरायला लागली. दीड दोन किलोचे रोहू, एकदा तर सिंकमध्ये मावेना असा कटला. मी हवेत होते. प्रत्येक मोठ्या माशाच्या चार तुकड्या आळीत वाटायचे आणि वाटी हातात देताना सांगायचे, "माझ्या कणकेवर लागलाय."

मग तो रविवार. पिशवी धुवायला घेतली तर माझी स्टीलची डबी भरलेली, जशीच्या तशी. तिच्याखाली आइस्क्रीमचा रिकामा डबा, आणि त्यात उरलेली भुसभुशीत, लालसर कणीक. गुळाचा आणि भाजलेल्या मेथीचा वास येत होता.

"ही कोणाची?"

"चाचांच्या घरची," तो टॉवेलमध्ये तोंड घालून म्हणाला.

चाचा नदीवर त्याच्या शेजारी बसतात. त्यांचा मुलगा कतारला असतो. घरात ते आणि त्यांची सून, आमच्या आळीतले सगळे जिला भाभी म्हणतात. म्हणजे कणीक भाभीची. आणि मी त्याच भाभीला, तिच्याच कणकेवर लागलेल्या माशाच्या तुकड्या माझ्या म्हणून मिरवत देऊन आले होते. एकदा नाही, चार वेळा. तीही "व्हय व्हय, रोहू गोड हाय हां ताई" म्हणत वाटी घ्यायची.

मी जळले. खोटं कशाला बोलू? त्याने तिला साडी आणून दिली असती तर भांडता तरी आलं असतं. कणकेवरून काय भांडणार? भाभी वाटी परत द्यायला आली तेव्हा मी तिचे हात निरखून पाहिले. आखूड बोटं, मेंदी उतरलेली. या हातांत असं काय आहे, हे मला कळेना. तिच्या तांदळाच्या भाकऱ्या पातळ होतात हे आजवर मीच कौतुकाने सांगत होते, ते बंद केलं. आठवडाभर नवऱ्याला आमटी आळणी मिळाली. त्याने मुकाट्याने वरून मीठ घेतलं.

पुढच्या रविवारी मी तासभर कणीक मळली आणि डबी घेऊन त्याच्या मागोमाग काठावर जाऊन बसले. म्हटलं, आज माझ्यासमोर लावा. त्याने निमूटपणे माझा गोळा गरीला लावला. मोरपिसाची काडी उभी ती उभीच. शेजारी चाचांची काडी तीनदा बुडाली.

शेवटी चाचांनाच माझी दया आली असावी. त्यांनी चहाच्या दोन काचेच्या ग्लासांत नदीचं पाणी घेतलं. एकात भाभीचा गोळा टाकला, एकात माझा. भाभीचा तळाला जाता जाताच सुटायला लागला, पाणी गढुळलं, कण वर आले. माझा तळाशी गोटीसारखा बसून राहिला.

"बेटी, मासा चुऱ्याच्या मागनं येतो," ते म्हणाले. "कणीक तुटली पायजे. तुझी तुटत नाय. तू मूर्ती घडवतेस."

बाबांनी जे शिकवलं, तेच इथे उलटं होतं.

"मी याला पहिल्याच वर्षी सांगितलं," चाचा म्हणाले. "तर म्हणतो कसा, तिला सांगू नका, ती हौसेनं मळते."

नवरा पाण्याकडे बघत होता. अकरा वर्षं तो माझे हे गोटे पाण्यात सोडून बसला होता आणि घरी येऊन पाण्याच्या ओढीवर खापर फोडत होता. मी भावांसमोर हसले नसते, तर अजूनही बसला असता. भाभीची कणीक त्याच्या पिशवीत मीच घातली होती.

चाचांनी रीत सांगितली. पावाचा चुरा घालायचा, पाणी शिंपडायचं आणि नुसतं गोळा करायचं, मळायचं नाही. माझा हात ऐकेना, आपसूक गोळा गुळगुळीत करायला जायचा. तरी दोन रविवारांत जमलं. तिसऱ्या रविवारी तो पावणेदोन किलोचा रोहू घेऊन आला, पिशवी ओट्यावर ठेवली आणि खुशीत म्हणाला, "आज कणीक फस्क्लास झाली व्हती. अगदी भाभीसारखी."

मी मासा साफ केला, कालवण केलं, वाढलं.

पुढच्या रविवारी सकाळी मी पाव आणलाच नाही. तळहाताला तेल लावलं आणि अर्धा तास मळली, बाबांनी शिकवली तशी. त्याने डबी उघडून एक गोळा दाबला, माझ्याकडे पाहिलं आणि डबी पिशवीत टाकली. भाभीच्या कणकेचा आइस्क्रीमचा डबा फळीवरच राहिला.

दुपारी तो आला तेव्हा पिशवी नुसती ओली होती.

"आज पाण्याला ओढ होती," तो म्हणाला.

मी त्याच्या जरा आधीच धुणं घेऊन घाटावर जाऊन आले होते. वरून पाणी सुटलंच नव्हतं. नदी पायरीखाली गपचूप पडून होती.

"असेल," मी म्हटलं, आणि त्याला जेवायला वाढलं.