पेढा, बर्फी आणि कडब्याचा कोप

"अस्संच पाहिजे, मॅडम. सेम टू सेम," म्हणत पूजाताईंनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

फोटोत सगळं बिस्किटाच्या रंगाचं होतं. बिस्किटी पडदा, बिस्किटी फुगे, दोन्ही बाजूंना पॅम्पासचे तुरे. पॅम्पास म्हणजे केरसुणीसारखं दिसणारं वाळलं गवत. विकत घ्यायला गेलात तर फुलांपेक्षा महाग पडतं. आणि मधोमध एक बोर्ड, अर्धा निळा, अर्धा गुलाबी. त्यावर लिहिलेलं, 'बॉय ऑर गर्ल?'

आम्ही रेणापुरात एका शेतकऱ्याच्या घरी ओसरीवर बसलो होतो. पूजाताई या घरची लेक, पुण्याला दिलेली. वहिनीचं डोहाळजेवण करायचं म्हणून खास आलेली. वहिनी म्हणजे शीतल. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सासूबाई, कमलकाकू, सुपात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. शीतलच्या दोघी मुली अंगणात एकमेकींच्या वेण्या ओढत होत्या.

मी लातूरला डेकोरेशनची कामं करते. वाढदिवस, बारसं, साखरपुडा, रिटायरमेंट, काय म्हणाल ते. लोकांना वाटतं माझं काम फुगे फुगवायचं. खरं काम फोटो बघायचं असतं. क्लायंट मोबाइलमधला जो फोटो दाखवतो त्याला आम्ही 'रेफरन्स' म्हणतो. लातूरचा असो, अहमदपूरचा असो की निलंग्याचा, तोच रेफरन्स फिरून फिरून माझ्याकडे येतो. परदेशातल्या कुठल्या तरी बाईच्या घरचा कार्यक्रम आमच्याकडे गल्लोगल्ली साजरा होतो.

"बाकी करू," मी म्हणाले. "हा बोर्ड मी करत नाही."

"कामून?" कमलकाकूंनी सुपातून मान वर केली.

"तिकडे पोटातलं बाळ काय आहे ते आधीच कळतं आणि त्याची पार्टी करतात. आपल्याकडे ते बघणं गुन्हा आहे."

"अहो, आपल्याला कुठे माहीत आहे?" पूजाताई हसल्या. "नुसती गंमत! फोटो छान येतात."

"गंमत असली तरी मी करत नाही."

हे वाक्य मी आजवर पुष्कळांना ऐकवलंय. काही ऑर्डरी त्यापायी गेल्याही. इथे मात्र काकूंनीच मिटवलं. "ऱ्हाऊ द्या तो बोर्ड. आपल्या वाट्या हायेत की."

वाट्या म्हणजे आपली जुनीच पद्धत. दोन झाकलेल्या वाट्या ठेवायच्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पोटुशीने डोळे मिटून एकीवरचं झाकण काढायचं. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सगळ्या कार्यक्रमाची ओढ त्या एका क्षणाकडे असते. बायका जेवणं आटोपून त्याच्यासाठी थांबतात. मीही आजवर शेकडो वाट्या सजवल्यात, मोती लावून, गोंडे लावून. कधी विचार केला नव्हता.

मग अंगणाचं माप घ्यायला उठले. टेपचं दुसरं टोक धरायला शीतल आली. पूजाताई आत फोनवर बोलत होत्या. शीतल हळूच म्हणाली, "ताई, तेवढ्या वाट्या नका ठेवू."

"का गं?"

"दोन्ही बारीला बर्फीच निघाली. पहिल्या बारीला समदे हसले. दुसऱ्या बारीला कुणी हसलंच न्हाई." ती मुलींकडे बघत होती. "लई बायका बसलेल्या असतेत ताई. समद्या माझ्या हाताकडं बघतेत. मला न्हाई सोसायचं ह्या बारीला."

तिच्या हातातून टेप सुटला आणि पट्टी सर्र करत माझ्याकडे आली.

मी धंद्यातलं उत्तर दिलं. "सासूबाईंशी एकदा बोलून बघ ना."

"बोलता आलं असतं तर तुमाला कशाला सांगितलं असतं?"

"बघते," म्हणाले. आमच्या धंद्यात 'बघते'चा अर्थ 'जमणार नाही' असा असतो. ते तिलाही कळलं असावं. ती मान हलवून आत गेली. मला स्वतःचाच राग आला. परतीच्या वाटेवर गाडीत गाणीही लावली नाहीत.

अडचण काय होती ते सांगते. कार्यक्रमातली एखादी गोष्ट नुसती काढून टाकता येत नाही. वाढदिवसाला केक नसेल तर आलेला प्रत्येक माणूस विचारतो, केक कुठाय? काही काढायचं असेल तर त्याच्या जागी त्याच्याहून मोठं काहीतरी उभं करावं लागतं. इतकं मोठं, की लोक आधीचं विसरले पाहिजेत. म्हणून मी शोधाला लागले. झोपाळ्यातलं डोहाळजेवण, नावेतलं, चंद्रकोरीवरचं, धनुष्यबाणाचं, सगळी उलटीपालटी करून पाहिली. मोबाइलवर बोटं झिजवली. पण कुठूनही निघा, शेवट वाट्यांशीच येत होता.

अशात येळवस आली. बाहेरच्यांसाठी सांगते, येळवस म्हणजे वेळ अमावस्या, आमच्या भागातला मोठा सण. त्या दिवशी लातुरात संचारबंदी लागल्यासारखं वाटतं, कारण सगळं गाव शेतात असतं. कडब्याच्या म्हणजे वाळल्या ज्वारीच्या पेंढ्या उभ्या करून झोपडीसारखा कोप करतात, त्यावर शाल घालतात. आत चुन्याने रंगवलेले खडे पांडव म्हणून मांडतात. मग भज्जी, म्हणजे तूर, हरभरा, वाटाणा सगळं एकत्र शिजवलेली भाजी, ताकातली ज्वारीची आंबिल, रोडगे, खीर. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला ओढून नेतो.

मी औशाकडची. आमच्या शेतात दरवर्षीप्रमाणे कोपापुढे जेवायला बसले होते. हिरवी ज्वारी पोटरीत आलेली, म्हणजे कणीस अजून ताटाच्या पोटात. माझी आई पिकात आंबिल शिंपडून आली आणि हात पुसत म्हणाली, "झालं बाई काळ्या आईचं डोहाळजेवण."

हे ती दरवर्षी म्हणते. मी दरवर्षी ऐकते आणि भज्जीचा पुढचा घास घेते. या वेळी घास तसाच हातात राहिला. सगळ्या जगाचे फोटो बघत होते मी, आणि आमचंच डोहाळजेवण माझ्यासमोर मांडलेलं होतं. मी उठून कोपाचे फोटो काढायला लागले तशी आई म्हणाली, "जेवताना उठू नये. येडी झालीस का?"

दोन दिवसांनी परत रेणापूर. मी कागदावर चित्र काढून नेलं होतं. अंगणात मोठा कोप. त्यावर हिरवी शाल. भोवती हिरवी ज्वारी, करडईची फुलं, हरभऱ्याचे ढाळे. शीतल कोपात बसणार आणि बायका एकेक करून तिला भज्जी-आंबिल भरवणार.

पूजाताईंचा चेहरा पडला. "मॅडम, माझ्या पुण्याच्या मैत्रिणी येणार आहेत. हे... गावठी नाही का वाटणार?"

"ताई, पॅम्पासही वाळलं गवतच आहे. कडबाही वाळलेलाच. फरक एवढाच, की कडबा म्हशी खातात."

कमलकाकूंची शंका वेगळी होती. "येळवस सरल्यावर कोप करतेत व्हय?"

ही शंका रास्त होती. मी चित्र त्यांच्यापुढे सरकवलं. काकूंनी ते नीट बघितलं. मग म्हणाल्या, "पांडव न्हाई मांडायचे. नुसता आडोसा करायचा. मग चालतंय." त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अन् कडबा आपल्याच वावरातला घ्या. भज्जी मी करते. आचाऱ्याला न्हाई जमत भज्जी."

मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "अन् वाट्या इसरू नका."

दाराशी उभ्या शीतलने माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा म्हणाले, "बघते."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी आणि माझ्या माणसांनी कोप उभा केला. फुलवाले, थर्माकोलवाले कोप बांधू शकत नाहीत. पेंढ्या शेंड्याशी नीट आवळल्या नाहीत तर पसरतात. ते काम मी स्वतः केलं. वाट्या मात्र मी लातूरहून आणल्याच नाहीत. इतक्या गडबडीत कोण विचारतंय, असा माझा हिशेब होता.

सुरुवात झकास झाली. हिरवी साडी, फुलांचे दागिने घालून शीतल कोपात बसली आणि बायका एकदम 'अगं बाई' म्हणाल्या. पुण्याच्या मैत्रिणी तर कोपासमोरून हलेनात. एकीने मला विचारलं, ही थीम कुठून घेतली? कमलकाकू शीतलपाशी बसून परातीतली भज्जी हाताने कालवत होत्या. दोघी नाती परकर-पोलकं घालून कोपाच्या तोंडाशी उभ्या होत्या. पूजाताई मोबाइलवर व्हिडिओ घेत होत्या.

आणि मग गयाबाई उठल्या. गयाबाई म्हणजे काकूंची थोरली जाऊ. घरातलं कुठलंही कार्य त्यांच्या परवानगीशिवाय पुरं होत नाही.

"वाट्या कुठं हायेत गं?"

"आणायच्या राहिल्या," मी म्हणाले.

"ऱ्हायल्या? तुमचं काम फुगे लावायचं हाय बाई. आमच्यात वाट्या ठेवतेत." आणि तरातरा आत गेल्या. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला. मी फोटोचं निमित्त काढलं, ग्रुप फोटो, सगळ्यांचा ग्रुप फोटो, असं ओरडले. कुणी हललं नाही. उलट बायका पुढे सरकल्या. गयाबाई दोन झाकलेल्या वाट्या ताटात घेऊन आल्याच.

"चल गं शीतल, मीट डोळे."

शीतलने डोळे मिटले नाहीत. ती वाट्यांकडे बघतच नव्हती, ती दोघी मुलींकडे बघत होती. थोरली दहा-एक वर्षांची असेल, कळत्या वयाची. तिने धाकटीचा हात घट्ट धरला होता आणि ती आईच्या हाताकडे बघत होती. बाकी सगळ्या बायकांसारखीच.

कमलकाकूंनी हे पाहिलं. मला ते दिसलं, कारण मी त्यांच्या अगदी शेजारी उभी होते. त्यांनी भज्जीचा हात पदराला पुसला आणि म्हणाल्या, "आक्का, आणा इकडं ते ताट."

ताट मांडीवर घेतलं आणि दोन्ही झाकणं उचलून बाजूला टाकली.

"अगं, तू कशाला उघडलीस?" गयाबाई कडाडल्या. "तिला उघडू दे की!"

"आक्का, भज्जीत तूर कुठली अन् हरभरा कुठला, निवडून खातेत व्हय? कोपात समदं एकात असतंय."

असं म्हणून त्यांनी पेढा आणि बर्फी तळहातावर घेऊन चुरली. चांगली मळून एक केली. पहिला घास शीतलला भरवला. दुसरा थोरल्या नातीला, तिसरा धाकटीला. धाकटीने आणखी मागितला.

"मग कळंल कसं?" गयाबाईंचा प्रश्न अजून तिथेच होता.

"काय कळायचंय त्याच्यात? माझ्या बारीला पेढा निघाला व्हता." काकूंनी पेढ्या-बर्फीचा हात व्हिडिओ घेणाऱ्या पूजाताईंकडे केला. "निघाली ही."

मग जो हशा उठला, तो गल्लीतही ऐकू गेला असेल. गयाबाईही हसल्या, थोड्या उशिरा. शीतल हसता हसता रडायला लागली आणि मग नुसतीच रडली. पूजाताईंनी मोबाइल खाली ठेवला आणि येऊन वहिनीजवळ बसल्या. माझेही डोळे भरले होते. धंद्यात हे बरं दिसत नाही, म्हणून मी जाऊन पेंढ्यांची दोरी तपासत बसले.

सगळं आवरताना काकूंना विचारलं, "वाट्या तर तुम्हालाच हव्या होत्या ना?"

"पायजे व्हत्या की," त्या म्हणाल्या. "पण लेकरं बघून राहिली व्हती."

इतकंच. पुढे त्यांनी मला भज्जीचा डबा भरून दिला आणि कोप मोडून कडबा गोठ्यात टाकायला सांगितला. म्हशींनी माझं डेकोरेशन संध्याकाळपर्यंत संपवलं. इतका स्वच्छ उरक माझ्या कुठल्याच कामाचा झाला नव्हता.

त्यानंतर कोपाच्या खूप ऑर्डरी आल्या. पुण्याच्या मैत्रिणींनी फोटो टाकले होते ना. आता कोपाचाही 'रेफरन्स' झालाय. एक जण तर म्हणाली, कोप करा पण बिस्किटी रंगात. मी केला. पोट आहे. पण माझ्या कामाची पद्धत त्या दिवसापासून बदलली. पहिल्या भेटीत मी फोटो मागत नाही. जिचा कार्यक्रम आहे तिला जरा बाजूला घेते, टेपचं टोक तिच्या हातात देते आणि विचारते, "तुला काय नको आहे?" फोटोत जे सापडत नाही ते तिथे सापडतं.

हा किस्सा मी कुठेही सांगितला, की शेवटी ऐकणारी बाई हमखास विचारते, "मग शेवटी काय झालं तिला?" तुमच्याही ओठांवर आलाच असेल प्रश्न.

बारशाची ऑर्डर मलाच मिळाली. पाळण्याला ज्वारीची पिकली कणसं आणि वाळली करडई लावली होती. बाळ गुटगुटीत होतं आणि थोरली त्याला मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हती.