डीनच्या जंगलातली गोळी

काही तपास विसरावेसे वाटतात आणि नेमके तेच विसरत नाहीत. डीनच्या जंगलातला हा त्यांपैकी एक. मी तेव्हा इंग्लंडमध्ये, ग्लॉस्टरशायरच्या पोलिसांत डिटेक्टिव्ह सार्जंट होतो.

एका रविवारी सकाळी कुत्र्याला फिरवणाऱ्या बाईंचा फोन आला. झाडीत एक माणूस पडला होता, मांडी रक्ताने माखलेली. तो लंडनजवळच्या मेडनहेडला राहणारा पुण्याचा सॉफ्टवेअर इंजिनिअर निघाला. "कुंपणाची तार लागली," एवढंच तो सांगत राहिला. डॉक्टरांनी मांडीतून पिस्तुलाची गोळी काढली. ब्रिटनमध्ये पिस्तूल नुसतं बाळगलं तरी तुरुंग ठरलेला.

आम्ही जागेचा पंचनामा केला. उकरलेली माती, कुत्र्यांचे ठसे, रानडुकराचे राठ केस, आणि काहीतरी जड रस्त्यापर्यंत ओढत नेल्याची खूण.

वॉर्डात त्याची बायको बसली होती. शनिवारी काही निरोप आला होता का, असं मी तिला विचारलं.

"आला ना. संध्याकाळी ह्याच्या मित्राचा फोन आला. म्हणाला, वहिनी, आम्ही इथेच एका बी अँड बीमध्ये रात्रीपुरती खोली घेऊन राहतोय, डोन्ट वरी."

नवऱ्याने मान वळवली. "राहतोय म्हणाला?"

"हो."

"तो ॲम्ब्युलन्स बोलवायला गेला होता," तो म्हणाला. "माझा फोन गाडीतच होता. मी रात्रभर त्याची वाट पाहिली."

मग त्याने सगळं सांगितलं. दोघं सुट्टीत चोरून रानडुकरांची शिकार करत. त्यांची कुत्री डुकराला कानाशी धरून दाबत. हा मागचे पाय पकडे आणि मित्र हातभर अंतरावरून पिस्तूल झाडे. त्या दिवशी डुक्कर उसळलं आणि पहिली गोळी ह्याच्या मांडीत घुसली. दुसरीने डुक्कर मेलं.

मित्र लंडनमधल्या हॅरोचा, फायनान्समधला. सशस्त्र पथकासह आम्ही त्याच्या घरावर छापा घातला. गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये डुकराचं मांस नीट पिशव्यांत भरलेलं होतं आणि त्याखाली पिस्तूल.

चौकशीच्या खोलीत माझं आडनाव ऐकताच इंग्रजी सोडून तो मराठीवर आला.

"सर, तुम्ही आपले आहात. मी घाबरलो होतो."

"टेप चालू आहे," मी म्हटलं. "मराठीचं भाषांतर करून घेईन. डुक्कर गाडीत कुणी घातलं?"

"मीच."

"एकट्याने?"

"हो." मला टेबल उलथावंसं वाटलं. मी दोन्ही हात मांडीवर दाबून पुढचा प्रश्न विचारला.

तो तुरुंगात गेला. जखमी इंजिनिअरनेही कुबडीवर उभं राहून कोर्टात आपला गुन्हा कबूल केला. त्याने एकदाही सवलत मागितली नाही.

भीतीने माणसं वाट्टेल ते करतात, हे मी नोकरीत खूप पाहिलं. पण भ्यालेला माणूस पळत सुटतो. हा पळाला नाही. तळमळणाऱ्या मित्रासमोरून त्याने ते धूड ओढत नेलं आणि मगच गाडी सुरू केली. त्यानंतर निवृत्तीपर्यंत कुणीही समोर बसून "घाबरलो होतो" म्हणालं, की मी एवढंच विचारत असे: घाबरल्यावर आधी काय उचललंत?