भेगेतला चुना

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातलं बरंचसं आता विसरलो. एका गोदामाची पडलेली भिंत मात्र डोक्यातून जात नाही. ती आठवली की आधी स्वतःची लाज वाटते आणि मग तीन माणसांचे आभार मानावेसे वाटतात. त्यातल्या एकाचं नाव मला आजही माहीत नाही. बाकी दोघींची माहीत आहेत, पण इथे कुणाचंच घेणार नाही.

मी मूळचा देऊळघाटचा. तेव्हा जळगाव जामोदच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका ठाण्याचा ठाणेदार होतो. दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. सकाळी अकराच्या सुमारास हजेरी आटोपून टपाल पाहत होतो, तेवढ्यात टेबल थरथरलं. मुद्देमालाच्या खोलीतल्या दारूच्या बाटल्या किणकिणल्या. कोणीतरी "भूकंप!" म्हणून ओरडलं आणि ठाणं रिकामं झालं. आत राहिला फक्त लॉकअपमधला एक सायकलचोर. तो गज धरून बोंबलत होता, "अबे, मले बी काढा ना बे! मी काय दगडाचा आहो?" पहाऱ्यावरचा शिपाई परत आत धावला आणि त्याला हाताला धरून बाहेर घेऊन आला. धक्का थांबल्यावरही दोघं कडुनिंबाखाली एकमेकांचा हात धरूनच उभे होते.

धक्का तसा हलका होता. कुठे छपरावरचे कवेलू घसरले, कुठे फळीवरची भांडी पडली. अर्ध्या तासानं फोन आला की बाजारामागे एका धान्य व्यापाऱ्याच्या गोदामाची भिंत पडली आणि सोयाबीन चाळणारी एक बाई खाली सापडली. मी पोचेपर्यंत व्यापाऱ्यानं, म्हणजे शेठनं, तिला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. तिचा पाय गुडघ्याखाली चेंगरला होता. शेठ हात जोडून म्हणाला, "ठाणेदार साहेब, देवानंच जमीन हलवली, तिथं माणूस काय करणार?"

मला पटलं. स्टेशन डायरीला नोंद घातली: भूकंपाच्या धक्क्याने भिंत कोसळून महिला मजूर जखमी, कोणाविरुद्ध तक्रार नाही. साऱ्या गावात एकच भिंत का पडली, हा साधा प्रश्न काही मला सुचला नाही. सगळे भूकंपाच्या गप्पांत रंगले होते, त्यात मीही होतो.

त्या एका ओळीनं काय होणार होतं ते सांगतो. नैसर्गिक आपत्तीत कोणाचा दोष नसेल तर मालक हात झटकून मोकळा होऊ शकतो. पण भिंत आधीच मोडकळीला आलेली असेल, मालकाला ते माहीत असेल आणि तरीही त्यानं तिच्याखाली माणसं बसवली असतील, तर भूकंपाकडे बोट दाखवून सुटता येत नाही. भरपाई द्यावी लागते आणि हयगयीचा गुन्हाही लागतो. माझी नोंद तशीच राहिली असती तर ती बाई पाय गमावून रिकाम्या हातानं घरी गेली असती. घरात कमावणारी ती एकटीच होती आणि मुलगी बारावीला होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन वाजला. माणूस नाव सांगेना.

"साहेब, शेठनं मलबा उचलाले ट्रॅक्टर लावला. एवढी घाई काऊन, हे एकदा पाहा तरी."

"तू कोण बोलतोस?" मी खेकसलो.

"ते सोडा ना. मलबा उचलून राह्यले, मंग काय पाहसान?" एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

मी चिडलो. निनावी फोनवर धावायला मला तेवढंच काम आहे का, असंही म्हणालो. पण आमच्या महिला हवालदारानं माझी टोपी उचलून माझ्या हातात दिली. "चला साहेब, पाहून तर येऊ." त्यांचे वडील गवंडी होते. हे मला त्या दिवशी कळलं.

ट्रॅक्टर थांबवला. हवालदार बाई मलब्यात उकिडव्या बसून एकेक तुकडा उलटून पाहू लागल्या. जरा वेळानं त्यांनी गिलाव्याचा एक मोठा तुकडा माझ्यापुढे धरला.

"साहेब, भूकंपानं भेग काल पडली ना? मग तिच्या आत चुना कसा गेला?"

खरंच, तुटलेल्या कडेवर आतपर्यंत पांढरा चुना ओघळून वाळला होता. शेजारच्या विटांमध्ये चिंध्या कोंबलेल्या होत्या. मरून रंगावर पिवळी फुलं असलेलं जुनं लुगडं. भेग आधीची होती. कोणीतरी ती चिंध्यांनी बुजवून वरून चुना मारला होता. मी दोन पंच बोलावून घटनास्थळाचा पंचनामा केला, तुकडा आणि चिंध्या जप्त केल्या. पंच सही करत होते तोवर मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होतो.

शेठला ठाण्यात बोलावलं. आता त्याचा सूर बदलला होता. "कसली भेग? मला तर माहीतच नाही. दिवाळीचा चुना मजुरांनी मारला. कोणी मारला, कसं आठवणार?" चार वेळा विचारलं, चारही वेळा शब्दन्‌शब्द तेच उत्तर. घोकून आलेला माणूस असाच बोलतो.

मग दवाखान्यात गेलो. आता ही बाई तरी खरं सांगेल असं वाटलं होतं. पण छताकडे पाहत ती म्हणाली, "देवाची करणी, सायेब. धरती हालली अन् भित पडली. शेठले काई म्हनू नका."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "शेठनं पढवलं का तुला? स्वतःचा पाय गेला तरी त्याला पाठीशी घालतेस?" तिनं तोंड फिरवलं. त्या जनरल वॉर्डात, दहा माणसांसमोर, मी हे बोललो. आज लिहितानाही मान खाली जाते.

हवालदार बाई तिच्या अंगावरची गोधडी नीट करत होत्या. ती घरून आणलेली होती. एकदम त्यांचा हात थांबला. गोधडीला मरून रंगाचं ठिगळ होतं आणि त्यावर पिवळी फुलं होती. त्यांनी एका शब्दानंही ते तिथे बोलून दाखवलं नाही. मला व्हरांड्यात आणून म्हणाल्या, "साहेब, तुम्ही खाली जाऊन चहा घ्या. मी बसते तिच्याजवळ." ठाणेदाराला चहाला पिटाळणारी हवालदार मी पहिल्यांदाच पाहिली. पण गेलो, आणि ते बरं झालं.

अर्ध्या तासानं वर बोलावलं. बाई हमसून रडत होती.

"भेगीत चिंध्या म्याच कोंबल्या, सायेब. दिवाईच्या आधी शेठनं भेग दाखवली. म्हने, हे बुजव अन् चुना मार, कोनाले दिसू नोको देऊ. फडकं नवतं, तं घरून माह्या लुगड्याच्या चिंध्या आनल्या. अन् तेच भित माह्यावर पडली. आता मलेच आत टाकसान ना? पोरीचं कसं होईन?"

तेव्हा उलगडा झाला. ती शेठला वाचवत नव्हती. भिंत आपल्यामुळेच पडली असं तिनं धरून ठेवलं होतं. पाय गेला ती त्याचीच शिक्षा, आणि आता वर जेल.

मी स्टूल ओढून बसलो. "बाई, मालकानं सांगितलं म्हणून चुना मारणं हा गुन्हा नाही. ज्यानं भेग पाहिली आणि झाकायला लावली, दोषी तो आहे." मग तिची माफी मागितली. खाकीतल्या माणसाला ती सवय नसते, जीभ अडखळली. 

गुन्हा दाखल झाला. फौजदारी खटला त्याच्या चालीनं चालला. भरपाईचा दावा कामगार न्यायालयात उभा राहिला, तिथे पंचनाम्यासाठी माझीही साक्ष होती. शेठच्या वकिलानं माझी पहिलीच नोंद माझ्यापुढे धरली. "भूकंपाच्या धक्क्याने, हे तुम्हीच लिहिलं ना?" म्हटलं, "मीच लिहिलं. न तपासता लिहिलं, चूक माझी." दुसरं काय सांगणार?

मग ती बाई साक्षीला उभी राहिली, कुबडीच्या आधारानं. वकिलाला वाटलं, आता बाजी मारली.

"भेग तुम्हीच बुजवली ना?"

"हो, म्याच बुजवली."

"म्हणजे भिंत कच्ची आहे हे तुम्हाला माहीत होतं. तरी तिच्याखाली बसलात?"

"पोते आत ठेवाचे म्हून शेठनं आमाले भितीकडं सरकवलं. अन् वकीलसाहेब, भेग हुडकाले मी गेली नवती. मले शेठनंच दाखवली."

शेठला भेग माहीत होती, हेच आम्हाला सिद्ध करायचं होतं, आणि ते तिनं एका वाक्यात करून टाकलं.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. ज्यानं इजा केली त्याचीच बाजू कोणी घेत असेल तर त्याला विकलं गेलेलं समजू नये. त्याला कशाची भीती आहे ते आधी विचारावं, आणि विचारायला आपल्यापेक्षा बरं माणूस असेल तर आपण खाली जाऊन चहा घ्यावा. तो नाव न सांगणारा माणूस, त्या हवालदार बाई आणि ही बाई, हे तिघं नसते तर माझ्या हातून मोठा अन्याय झाला असता आणि मला त्याचा पत्ताही लागला नसता. त्यांचे उपकार मी मानतो.

निकाल लागला तेव्हा माझी बदली बुलढाण्याला झाली होती. भरपाई मंजूर झाली. एक दिवस ती बाई मुलीला घेऊन माझ्या कार्यालयात आली. मला वाटलं, आभार मानायला आली असेल. तिनं पिशवीतून निकालाची प्रत काढली.

"सायेब, याच्यात ते लिवलं हाये का? भित माह्यामुळं नाही पडली, म्हून?"

मी पान उलटून ती ओळ शोधली आणि वाचली: भिंतीला भेग असल्याचे मालकास माहीत होते, अपघातास अर्जदार महिला कोणत्याही प्रकारे जबाबदार नाही.

"अर्जदार म्हंजे मीच ना?"

"हो, तुम्हीच."

तिनं मुलीला जवळ ओढलं. "मंग आनखी एकदा वाचा सायेब. इले बी आयकू द्या."

मी पुन्हा वाचलं. या वेळी जरा मोठ्यानं.