परसातलं जाळीचं घर

पंपांच्या कंपनीच्या हुबळी ऑफिसात त्याच्या टेबलावर पाटी होती, ए. प्रेमानंद. आडनाव नाही. कर्नाटकात ही एक सोय आहे बघा. ज्याला आडनाव नको, त्याने बापाच्या नावाचं पहिलं अक्षर पुढं लावावं आणि मोकळं व्हावं, कुणी खोदून विचारत नाही. प्रेमानंद कांबळेने ही वाट धरली ती कॉलेज सुटल्यावर, धारवाडात खोली शोधत हिंडताना. पूर्ण नाव सांगितलं की रिकाम्या खोलीत मालकाचा भाचा राहायला येणार असायचा. एका मालकीणबाईंनी तर चहा दिला, पंखा फिरवून दाखवला, आणि मग नाव विचारलं. त्यांचाही भाचा निघाला. त्या दिवशी त्याने आडनाव सोडलं ते सोडलंच. त्यासाठी त्याला नावं ठेवणारे आपण कोण? नावं ठेवण्यासारखं त्याने पुढं केलं.

ते 'ए' अप्पाजींचं. अप्पाजी हुबळीच्या रेल्वे कारखान्यात खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे कामगार, म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. हाडाची काडं करून मुलाला बी.कॉम. केलं, मुलीला, विमलला, शिकवून बेळगावात दिली. बायको, दुर्गव्वा, गेली तेव्हा म्हातारा एकटा पडला. प्रेमानंदने हुबळी-धारवाडच्या मधे, नवनगरात नुकतंच घर बांधलं होतं. तो स्वतः गेला, हट्ट धरला आणि बापाला घेऊन आला. हेही सांगायला हवं, नाहीतर माणूस उगाच राक्षस वाटेल. बापावर त्याचा जीव होता.

पण अप्पाजींना घरात बसवत नसे. सगळा जन्म चाळीच्या दारात, कारखान्याच्या मोकळ्या अंगणात काढलेला, चार भिंतींत त्यांना कोंडल्यासारखं व्हायचं. सकाळ-संध्याकाळ ते फाटकाशी खुर्ची टाकून बसत. जाणाऱ्या-येणाऱ्याला "ऊटा आतेन्री?" म्हणत जेवणाची चौकशी करत, आणि हात जोडून खणखणीत "जय भीम" घालत. समोरचे निवृत्त मास्तर "नमस्कार, नमस्कार" म्हणत पुढं जायचे. दूधवाला तर हळूहळू आपणच आधी जय भीम घालायला लागला. गल्लीला त्याचं काही नव्हतं. प्रेमानंद मात्र दर वेळी कुणी ऐकलं का म्हणून आजूबाजूला बघायचा, आणि बघितलं म्हणून पुन्हा स्वतःचीच लाज वाटायची.

त्याचे साहेब प्रभंजन. धारवाडचे, मराठी घरातले, मोठमोठ्याने हसणारे. कंपनीच्या जीपने धारवाडहून हुबळीला जाताना ते नवनगरच्या कोपऱ्यावर थांबून प्रेमानंदला घेत. एकदा वाटेत त्यांनी सहज विचारलं, वडील कुठं असतात तुमचे? प्रेमानंदने विचारही केला नाही. बेळगावला असतात, म्हणाला, बहिणीकडे. जीभच ती, घसरली. साहेब म्हणाले, छान हवा आहे बेळगावची, आणि विषय संपला. त्यांचा संपला. याचा तिथून सुरू झाला.

कारण साहेबांना एखाद्या दिवशी कोपऱ्याऐवजी थेट फाटकापाशी जीप आणायची लहर आली तर? फाटकाशी कोण बसलेलं असणार? 'मी प्रेम्याचा बाप' असं कोण सांगणार, आणि जय भीम कोण घालणार? जीप यायच्या वेळी हा घरातून निघून कोपऱ्यावर आधीच जाऊन उभा राहू लागला. अप्पाजी कौतुकाने म्हणत, लेक वेळेचा पक्का आहे.

दोन हजार सहा साली चिकनगुनियाने सगळ्यांना धरलं. अर्ध्या गल्लीचे गुडघे गेले. धडधाकट माणसं भिंतीला धरून चालू लागली. त्याच सुमारास प्रेमानंद ऑफिसच्या कामाने बेंगळुरूला गेला होता, तिथं परदेशी सामानाच्या एका दुकानात त्याने ती वस्तू पाहिली. एक चपटी गोल पिशवी. दुकानदाराने ती उघडून आतलं भेंडोळं नुसतं जमिनीवर टाकलं, आणि फट्कन एक अख्खी खोली उभी राहिली. वर कापडी छत, चारी बाजूंनी बारीक जाळी, दाराला चेन. आत एक खाट आणि दोन खुर्च्या सहज मावतील एवढी. गोऱ्या लोकांची बागेत बसायची चैन, दुसरं काय! किंमत ऐकून तो दचकला, तरी त्याने ती घेतली. घेताना मनात डास नव्हते, फाटक होतं.

घरी येऊन त्याने ती परसात उभी केली, नारळाखाली, रस्त्यावरून दिसणार नाही अशा जागी. अप्पाजींना सांगितलं की आता फाटकाशी बसायचं नाही, डास फोडून काढतात, या वयात ते दुखणं झेपणार नाही. डास खरेच होते. म्हणून तर खोटं इतकं सोपं गेलं.

अप्पाजी कितीतरी वेळ त्या जाळीवरून हात फिरवत राहिले. मग आत गेले, बसले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा मुक्काम परसात. पण माणूस गप्प बसणारा नव्हे. फाटकाशी जायचं नाही म्हटल्यावर त्यांनी फाटकच मागं बोलावलं. मास्तर घराच्या कडेच्या बोळातून परसात येऊ लागले, दूधवाला कॅन तिथंच टेकू लागला. प्रत्येकाला आत बसवून, चेन ओढून अप्पाजी सांगायचे, "लेकानं आणलंय. माझ्यासाठी. एक गुंगाडी आत येत न्हाई." हुबळीकडे डासाला गुंगाडीच म्हणतात. मास्तर म्हणायचे, भाग्यवान आहात. अप्पाजी मान डोलवायचे.

हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून प्रेमानंदला ऐकू यायचं, आणि हातातला घास हातात राहायचा. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. अप्पाजी हाक मारत, ये की, घटकाभर बस, तूच आणलंस आणि तूच बसत न्हाईस. हा म्हणे काम आहे. काम कसलं? त्या जाळीच्या आत पाऊल टाकायची त्याची छातीच होत नव्हती. बायको, नूतन, एकदाच बोलली. हे जाळीचं घर फाटकाशीही उभं राहिलं असतं की, म्हणाली. तिकडं वारं लागतं, म्हणाला तो. ती बरं म्हणाली आणि वाटण वाटत राहिली. बाईमाणसाचं 'बरं' म्हणजे काय ते संसारी माणसाला सांगायला नको.

पुढं त्याला बढती मिळाली. ऑफिसातले मागं लागले की घरी जेवण हवं, आणि शनिवारी संध्याकाळी यायचं ठरलं. पुढच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. नूतनने भरली वांगी, ज्वारीच्या भाकरी, शेंगांची पोळी असा बेत केला. प्रेमानंदने दुपारीच परसात जाऊन बापाला सांगितलं, ऑफिसची माणसं येतील, गलका होईल, तुम्ही इथंच जेवा, आराम करा. अप्पाजी म्हणाले, बरं की. साहेबाला मात्र पोटभर वाढ.

माणसं बायकांसह आली, गप्पा रंगल्या, आणि दिवे लागताच डास उतरले. इतरांनी पाय झटकत वेळ मारून नेली, पण प्रभंजनसाहेब नुकतेच चिकनगुनियातून उठलेले. त्यांचा धीर सुटला. पानावर बसायच्या आधीच ते उठले. माफ करा, पुन्हा कधीतरी येईन, पण हे दुखणं पुन्हा नको, असं म्हणत चपला शोधू लागले. प्रेमानंद नुसताच 'सर, सर' करत राहिला. नूतन आत गेली आणि परसदारी अप्पाजींना वाढता वाढता म्हणाली की साहेब डासांपायी उपाशी चाललेत. मुद्दाम म्हणाली की सहज, तिचं तिला ठाऊक.

उपाशी हा शब्द ऐकल्यावर अप्पाजी बसून राहतील होय? त्यांनी हात धुतला, खाट बाहेर ओढली, जाळीची खोली आडवी केली, गुडघा देऊन पिळली आणि पिशवीत कोंबली. ती घडी प्रेमानंदला कधी जमली नव्हती. यांना सरावाने जमत होती. धोतर-बंडीतला तो म्हातारा पिशवी खांद्याला अडकवून बोळातून थेट पुढच्या अंगणात आला, आणि कुणाला काही कळायच्या आत त्याने ती फेकली. फट्! अंगणात खोली उभी. बायका आधी दचकल्या, मग हसल्या. अप्पाजींनी दाराची चेन उघडली आणि म्हणाले, आत या साहेब, जेवल्याबिगर जायचं न्हाई.

प्रभंजनसाहेब लहान पोरासारखे खूश झाले. आत खुर्ची गेली, पान गेलं, साहेब बसले. अप्पाजी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांनी चेन लावून घेतली. प्रेमानंद पाण्याचा जग घेऊन जाळीबाहेर उभा होता. आत जायचं की पळून जायचं, त्याला कळत नव्हतं.

साहेबांनी ही गंमत कुणाची म्हणून विचारलं. अप्पाजींनी अभिमानाने सांगितलं, माझी, माझ्या लेकानं आणली, हा प्रेम्या माझा लेक.

"अरे वा!" साहेब म्हणाले. "पण तुम्ही बेळगावला असता ना, मुलीकडे? प्रेमानंद मागं म्हणाले होते."

अप्पाजींनी जाळीतून बाहेर पाहिलं. प्रेमानंदला तेव्हा बोलता आलं असतं. नाही सर, माझ्याकडेच असतात, एवढंच. कुणी त्याचं तोंड धरलं नव्हतं. पण तो जग हातात धरून उभा राहिला. अप्पाजींनी त्याच्याकडे पुरतं पाहून घेतलं आणि साहेबांकडे वळले.

"होय की साहेब," ते म्हणाले. "कालच आलोय. उद्या निघणार."

मग ते साहेबांना शेंगांची पोळी घ्या म्हणून आग्रह करत राहिले. जेवण छान झालं. सगळ्यांनी वांग्यांची तारीफ केली. निघताना साहेबांनी हात जोडले, नमस्कार येतो म्हणाले. कुणी नमस्कार घातला की अप्पाजी उलट जय भीम घालायचे, मग तो गार्ड असो की इंजिनिअर. त्या दिवशी त्यांनी हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाले, नमस्कार. प्रेमानंदने ते ऐकलं, आणि भर अंगणात, चार माणसांत, त्याला रडू फुटायचं बाकी राहिलं.

रविवारी सकाळी उठून बघतो तर अप्पाजी अंघोळ करून, पिशवी भरून ओट्यावर बसलेले. नूतन आत डोळे पुसत होती. प्रेमानंदने पिशवी काढून घेतली, जाऊ नका म्हणाला, पाया पडला. अप्पाजी रागावलेले नव्हते, तेच अवघड होतं. त्यांनी त्याला समजावलं की साहेबाला उद्या जातो म्हणून सांगून बसलोय, आता इथं राहिलो आणि त्यानं कुठं बघितलं तर मी खोटा पडेन, तूही पडशील. असं बोलून पिशवी पुन्हा आपल्या हातात घेतली.

प्रेमानंदने त्यांना स्कूटरवर बसवलं, वाटेतलं रायापूर मागं पडलं. धारवाडच्या स्टँडवर बेळगावची गाडी लागलेली होती. खिडकीची जागा धरून अप्पाजी बसले. खाली उभ्या प्रेमानंदने खिडकीची दांडी धरली.

"अप्पा, मी चुकलो," तो म्हणाला.

अप्पाजींनी मांडीवरची पिशवी नीट केली.

"मला वाटलं हुतं," ते म्हणाले, "जाळी गुंगाड्यांसाठी आणलीस."

प्रेमानंदला मान वर करता येईना. ड्रायव्हर चढला, गाडी सुरू झाली. तेव्हा अप्पाजींनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि म्हणाले, "साहेबाला सांग, बाप माझ्यापाशी असतो म्हणून. सांगितलंस की विमलकडं फोन कर. मिळेल त्या गाडीनं येतो बघ." गाडी हलली आणि हात सुटला.

सोमवारी जीप आली नाही, साहेबांना लवकर हुबळीला जायचं होतं. प्रेमानंद स्कूटरने निघाला. घराजवळच्या अमरगोळपासून हुबळीपर्यंत त्याने एकच वाक्य घोकलं. सर, वडील माझ्याकडेच असतात, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. सोपं वाक्य होतं. हेल्मेटच्या आत तो ते मोठ्याने म्हणत होता. आज सांगायचं, दुपारी फोन करायचा, उद्या अप्पा घरी. नूतनलाही त्याने निघताना तसं सांगितलं होतं.

ऑफिसात शिरताच प्रभंजनसाहेब स्वतः उठून त्याच्या टेबलाशी आले. जेवणाचं कौतुक केलं, जाळीच्या खोलीचं केलं, आणि सगळ्यात जास्त अप्पाजींचं केलं. असा मोकळा माणूस बऱ्याच दिवसांत भेटला नाही, म्हणाले. वाक्य प्रेमानंदच्या ओठांवर आलं होतं. आजूबाजूची चार टेबलं माना वर करून ऐकत होती.

"पोचले ना नीट बेळगावला?" साहेबांनी विचारलं.

"पोचले, सर," प्रेमानंद म्हणाला. "तिथंच असतात ते."