सुप्रभा पुढे, डॉक्टर मागे

सुप्रभा गुळवणीने बावीस वर्षं ब्रिस्टलमधल्या एका प्राथमिक शाळेसमोर गाड्या थांबवल्या. पिवळाधमक कोट, हातात काठीवरची गोल पाटी, आणि ऊन असो की गारा, सकाळी सव्वाआठला बाई रस्त्यावर हजर. मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या अशा बाईला इथे लॉलीपॉप लेडी म्हणतात. मुलं तिला 'मिसेस जी' म्हणायची आणि आमच्या मंडळातल्या बायका नाक मुरडायच्या. हॉस्पिटलातल्या कन्सल्टंट डॉक्टरची बायको, आणि रस्त्यात उभी! खोटं कशाला बोलू, सगळ्यांत आधी नाक मुरडलं ते मीच. एका चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी हसत हसत विचारलं, "काय गं, शशीभाऊंना लाज नाही वाटत?"

सगळ्या हसल्या. सुप्रभाही हसली आणि कैरीची डाळ आणायला आत गेली. मी मदतीला म्हणून मागोमाग गेले, तर ती ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, "मंजिरी, ते कधी काही बोललेच नाहीत गं. चांगलं नाही, वाईट नाही. वाटत असेल लाज." तेव्हा मला माझीच लाज वाटायला हवी होती. मी वाट्या मोजत बसले.

शशीभाऊ त्वचेचे डॉक्टर. माणूस सज्जन, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. अपवाद एकच, उत्तरेकडचा लेक डिस्ट्रिक्ट. दर जूनमध्ये हॉस्पिटलातल्या दोन मित्रांबरोबर ते सायकल घेऊन तिकडे जायचे. आठवडाभराने परतले की जेवताना तासभर बोलायचे. कुठलं तळं, कुठला डोंगर, रेल्वेच्या जुन्या मार्गावर केलेली सायकलवाट कशी सपाट, कशी शांत. सुप्रभा पोळ्या लाटत "हो का" म्हणायची. आता सांगते, "एक अक्षर ऐकलं नाही मी. मिहीरचा गृहपाठ, उद्याचा डबा, डोक्यात तेच."

रिटायर झाल्यावर शशीभाऊंचे डोळे गेले. म्हणजे पूर्ण नाही. समोरचं गेलं आणि कडेकडेचं थोडं राहिलं. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पण त्याच्या पाठीमागचा पडदा दिसतो. सायकल विकली, गाडी विकली. मग मंडळात येणं थांबलं, मग बागेत जाणं. खिडकीशी खुर्ची आणि रेडिओ. कोणी बाहेर चला म्हटलं की एकच उत्तर, "माझं बघून झालं." सुप्रभाने एकदा मला स्वयंपाकघरात नेलं. मला म्हणाली, "या खुर्चीतून हे उठले नाहीत ना, तर दोन वर्षांत माझ्याकडे नुसता रेडिओ उरेल."

मग ती हट्टाला पेटली. दृष्टी गेलेल्यांना दोन सीटची सायकल, टँडेम, वापरायला देणारा एक ग्रुप तिने शोधून काढला. पुढचा चालवणार, मागचा नुसते पाय मारणार. आता पुढे कोण? सांगलीला शाळेत असताना सुप्रभा भावाची सायकल चालवायची, त्यालाही पन्नास वर्षं होऊन गेली होती. अडुसष्टाव्या वर्षी ती पार्किंगमध्ये गोल गोल फिरायला लागली. केंब्रिजहून लेकाचा, मिहीरचा, मोडक्या मराठीत फोन आला, "आई, आर यू सीरियस? बाबाचा हाड मोडली तर?" ती म्हणाली, "ट्रॅफिक आहे तिथे मी नेणारच नाही. गाड्या काय असतात ते मला सांगू नकोस." ते खरंच होतं. ती म्हणायची, "मी ड्रायव्हरकडे कधी बघत नाही, चाकांकडे बघते. ड्रायव्हर हसून हात करतो आणि गाडी पुढे सरकत असते."

शशीभाऊ तयार कसे झाले? तिने चार दिवस रेडिओ लपवला. पाचव्या दिवशी डॉक्टर बूट घालून दारात उभे.

बाथकडे जाणाऱ्या सायकलवाटेवर सराव सुरू झाला. शिकवणाऱ्या बाईंचा नियम एकच. पुढच्याने सगळं सांगायचं. खड्डा, वळण, ब्रेक, कुत्रा. मागच्याला दिसत नाही, तेव्हा जे आहे तेच सांगायचं, आणि आधी सांगायचं. चाळीस वर्षांत हे दोघं एवढं बोलले नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात घात झाला. वाट एका रस्त्याला मिळते तिथे सुप्रभाने सायकल थांबवली. पलीकडे दोन मुलं उभी होती आणि लांबून एक व्हॅन येत होती. बास. बावीस वर्षांची सवय! सुप्रभाने हँडल सोडलं, दोन पावलं पुढे टाकली आणि हात आडवा करून व्हॅन थांबवली. मुलं छान पलीकडून अलीकडे आली. मागे सायकल डॉक्टरांसकट आडवी.

कोपर सोलपटलं, बाकी काही नाही. पण शशीभाऊ सायकलवर परत बसले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "सुप्रभा, पुरे आता." आणि खुर्चीत बसले. ती मला फोनवर रडत म्हणाली, "मीच पाडलं गं त्यांना. त्या मेल्या लॉलीपॉपने पाडलं."

दोन महिने तसेच गेले. जून उजाडला. एका सकाळी तिने त्यांच्यासमोर पोहे ठेवले आणि सरळ सांगितलं, "अहो, मी इतकी वर्षं तुमचं ऐकलं नाही. तळी नाहीत, डोंगर नाहीत. मला आता ऐकायचंय, पण तिथे जाऊन. एकदाच. पुन्हा पडलो तर मी हा विषय काढणार नाही." डॉक्टरांनी पोहे संपवले. मग म्हणाले, "केझिकला खोली तळ्याच्या बाजूची घे."

गाडी मी चालवली. हळदीकुंकवाच्या त्या प्रश्नाबद्दल मी स्वतःला दिलेली ती शिक्षा होती, पाच-सहा तासांची. केझिकला डर्वेंटवॉटर तळ्याच्या काठी मुक्काम केला, टँडेम तिथेच भाड्याने घेतली. केझिक ते थ्रेलकेल्ड, जेमतेम तीन मैल, जुन्या रेल्वेचा मार्ग, गाडी एकही नाही. मी थर्मास आणि धपाटे घेऊन रस्त्याने थ्रेलकेल्डला जाऊन थांबायचं असं ठरलं.

वाटेतलं मला सुप्रभाने नंतर सांगितलं. आधी ती नुसता नियम पाळत होती. "पूल. लाकडी फळ्या. आवाज येईल." मागून उत्तर आलं, "पूर्वी हा लोखंडी होता." "पुरात गेला म्हणतात. नवा बांधलाय." नदी कधी डावीकडे, कधी उजवीकडे. मग ते सांगायला लागले आणि ती ऐकायला. इथे आम्ही संत्री खायचो. इथे एकाचं चाक पंक्चर झालं होतं. मध्येच त्यांनी विचारलं, "ब्लेनकॅथ्रा दिसतोय? समोर डोंगर असेल बघ, मोठा." तिच्या अगदी ओठावर आलं होतं, हो, काय सुंदर दिसतोय म्हणून. पण नियम म्हणजे नियम. म्हणाली, "नाही हो. सगळा ढगात गेलाय." मागून हसण्याचा आवाज आला. कितीतरी महिन्यांनी. "मग आज आपण दोघं सारखेच."

इकडे मी रस्ता चुकले होते. उशीर झाला म्हणून गावातल्या अरुंद रस्त्यावर जरा जोरातच वळले, आणि सायकलवाट रस्त्याला मिळते तिथे समोर टँडेम.

सुप्रभा पुढे उभी होती. दोन्ही पाय जमिनीवर, दोन्ही हात हँडलवर, बोटं पांढरी पडलेली. तिने काहीही सोडलं नव्हतं. नुसती ओरडली, "गाडी! उजवीकडून!" आणि मागच्या सीटवरून डॉक्टरांचा उजवा हात वर झाला. कोपर ताठ, बोटं जुळवलेली, तळवा माझ्याकडे. हुबेहूब तिचा हात. मी ब्रेक दाबला, काच खाली केली.

सुप्रभा मान वळवून बघतच राहिली. "अहो, हे कुठे शिकलात?"

"तुझ्याकडून. रोज बघायचो ना."

"तुम्ही कशाला तिकडे याल? तुमचा रस्ता रिंग रोडचा."

"तो जवळचा होता. मी रोज वळसा घालून यायचो," शशीभाऊ म्हणाले. "शाळेच्या अलीकडे कोपऱ्यावर गाडी उभी करायचो. दोन-तीन मिनिटं. क्लिनिक नऊला असायचं. तू एक हात वर करायचीस आणि एवढाल्या लॉऱ्या थांबायच्या. मला फार अभिमान वाटायचा."

"बावीस वर्षं?"

"शाळेच्या सुट्ट्या सोडून. तू ड्रायव्हरकडे बघतेस कुठे?"

सुप्रभाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि पुसायला तिने हँडल सोडलं नाही. माझेही डोळे भरले. मी इंजिन बंद केलं.

डॉक्टरांचा हात अजून वरच होता. "गेली का गाडी?"

"नाही. मंजिरी आहे. थांबलीये."

"थांबू दे," शशीभाऊ म्हणाले. "आधी आपण."