डावऱ्याचं शेवटचं विमान

दोन दिवस घोंघावणारा वारा पहाटे एकाएकी पडला, आणि टेलरची पंचाईत झाली. वारा असता तर आजचा कार्यक्रम आपसूक पुढं गेला असता. त्यानं दुकानाचं अर्धं शटर वर केलं, इस्त्री तापत ठेवली आणि चार शर्टांच्या कॉलरींना दाब देता देता तो दहादा बाहेर डोकावला. पान हलेल तर शपथ! कोवळं, स्वच्छ ऊन पडलेलं. विमानं उडवायला याहून चांगली सकाळ मागूनही मिळाली नसती.

विमानं म्हणजे खेळण्यातलीच. हलक्या लाकडाच्या काड्या, त्यावर पातळ कागद आणि पोटात रबराची दोरी. पुढचा पंखा बोटानं फिरवून दोरीला पीळ द्यायचा आणि सोडायचं. पीळ उलगडेल तसं विमान वर चढतं. वयानं घोडे झालेली दहा-बारा माणसं दर रविवारी मैदानावर हा पोरखेळ करत आणि घरी गेल्यावर बोलणी खात. त्या सगळ्यांत डावऱ्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

डावऱ्या म्हणजे दवाखान्यातला कंपाउंडर. सगळी कामं डाव्या हातानं, म्हणून हे नाव. औषधाच्या पुड्या बांधून बांधून बोटं अशी तयार झालेली की नुसती काडी तळव्यावर नाचवून सांगायचा, "ही जड आहे. दात कोरायला ठेवा." तोंडाचा भलता फटकळ. टेलरनं पहिल्यांदा पंखांवर कागद चढवला तेव्हा म्हणाला होता, "अरे, पॅंट शिवतोयस का? पाण्याचा हात फिरव, वाळू दे, आपोआप ताणला जाईल. रेड्यासारखा ओढतोस कशाला?" पण कुणाचं विमान मोडलं की चकार शब्द न काढता ते घरी न्यायचा, आणि पुढच्या रविवारी सांधा कुठं होता ते मालकालाही सापडायचं नाही. जो तो त्याच्याकडूनच पंखा कोरून घ्यायचा.

स्वतःच्या विमानाला मात्र कुणाला शिवू द्यायचा नाही. "बायको आणि विमान, दोघींचे रुसवे ज्याचे त्यालाच ठाऊक."

"माझा रुसवा ह्यांना आजवर कळला असेल तर विचारा," त्याची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, आतून म्हणायच्या.

असा हा माणूस ध्यानीमनी नसताना साध्या तापानं गेला. टेबलावर एक नवंकोरं विमान राहिलं. पूर्ण झालेलं, पण एकदाही न उडालेलं.

मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर, म्हणाले, "काचेच्या कपाटात ठेवू. आठवण राहील."

"काचेत ठेवायला त्यांनी दागिना नव्हता घडवला, मास्तर," वहिनी म्हणाल्या. "उडवणार असाल तर न्या. आणि टेलरभावजी, तुम्ही उडवा."

तेव्हापासून टेलरचा जीव टांगणीला लागला होता. विमान मोडलं तर मित्राच्या हातचं शेवटचं काम आपल्या हातून जाणार, तेही वहिनींच्या डोळ्यांदेखत.

मैदानावर सगळे जमले होते. टेलरनं श्वास रोखून पंखा फिरवला. विमान डोक्याच्या वर धरलं. मागं मास्तर डोळे मिटून, पोटावर हात बांधून गंभीर उभे होते. टेलरनं पंख्यावरचं बोट काढलं.

विमानानं हिसका दिला आणि पुढं जायचं सोडून उलटं मागं सुटलं. टेलरच्या कानाला घासून शेपटीकडून जे निघालं ते थेट मास्तरांच्या पोटावर. तिथून अलगद गवतात.

टेलरचं तोंड पांढरंफटक. मग वहिनींचे खांदे हलायला लागले. रडतायत म्हणून टेलर धावला, तर त्या हसत होत्या!

"अहो भावजी, डावरा ना तो माणूस! बरणीचं झाकणसुद्धा उलटं पिळायचा. स्वतःचा पंखा तुमच्या पंख्यांसारखा कशाला कोरेल?"

टेलरनं विमान उचललं. पात्यांचा उतार खरंच उलट्या अंगाला होता. शिवू का देत नव्हता, ते आत्ता उमगलं. एक काडीही तुटली नव्हती.

मास्तर पोट चोळत म्हणाले, "माणूस गेला, पण पीळ ठेवून गेला बघा!" मग हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

"आता डाव्या हातानं, उलट्या अंगाला पीळ द्या," वहिनींनी शेपटी धरली. "घरी मीच धरायचे. त्यांना काय तिसरा हात होता?"

टेलरचा डावा हात जन्मभर कापड धरण्यापलीकडं काही शिकला नव्हता. बोट सारखं निसटे. वहिनी मान तिरपी करून दोरीचा आवाज ऐकत होत्या. "अजून. अजून द्या हो, घाबरता काय? हां, आता कुरकुरली. बास."

विमान सुटलं आणि सरसर चढलं. इतरांची डावीकडं वळायची, हे उजवीकडं वळलं. एक गिरकी, त्यावर आणखी एक. वहिनी कपाळावर हात धरून बघत राहिल्या आणि टेलर वेड्यासारखा त्याच्या खालून पळत सुटला. मैदानाच्या पार टोकाला ते असं टेकलं की गवताला कळलंही नसेल.

"कपाटाचं काय मग?" मास्तरांनी विचारलं.

"कपाटात तुम्ही बसा," वहिनी म्हणाल्या. "पुढच्या रविवारी मी पीळ देणार. शेपटी धरायला भावजी आहेत."

टेलर दुकानावर परतला तेव्हा पायरीवर एक गिऱ्हाईक ताटकळत बसलं होतं. "कुठं होतात हो? पॅंटची चेन बसवायचीय, आत्ताच्या आत्ता."

"द्या इकडं," म्हणत टेलरनं मशीनवरचं कापड बाजूला सारलं, पॅंट मांडीवर घेतली आणि तुटकी चेन उसवायला सुरुवात केली.